अ‍ॅम्ब्युलन्सचं स्टिअरिंग नवीन माणसाच्या हातात देण्याआधी काय काय शिकवायचं

अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला शिकवणं म्हणजे गाडी जोरात हाणायला शिकवणं असं अजूनही खूप जणांना वाटतं, आणि नवीन येणाऱ्या पोरापोरींनाही तसंच वाटत असतं, पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत एकच दिसतं की सायरन कधी लावायला मिळणार. मी बरीच वर्षं स्वतः चालवली, आता शिकवतोय, आणि माझं सगळं ट्रेनिंग एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे मागे पेशंटजवळ जो बसलाय त्याचे दोन्ही हात कामाला मोकळे राहिले पाहिजेत. त्याला जर एका हाताने वरचा दांडा धरून बसावं लागत असेल तर तुम्ही कितीही लवकर पोचलात तरी पेशंटला अर्धीच ट्रीटमेंट मिळाली. खाली जे लिहितोय ते ज्यांच्यावर नवीन स्टाफ तयार करायची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी आहे, साधारण मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने, आणि चौकांबद्दल फार लांबण लागेल कारण मोठे अपघात तिथेच होतात.

आधी माणूस बघा. लायसन्स, नजर, मेडिकल हे तर झालंच, पण मी नेहमीच्या साध्या गाडीत शेजारी बसून अर्धा तास फिरतो आणि बघतो की कुणी मधे घुसलं तर हा काय करतो. शिव्या देतो, हॉर्नवर हात ठेवून बसतो, की थोडा मागे सरून जागा देतो. गाडी चालवण्याचं स्किल शिकवता येतं, हे शिकवायला फार वेळ लागतो. आणि ज्याला स्पीडचं वेड आहे, जो स्वतःहून सांगतो की मी अमुक रस्ता एवढ्या मिनिटांत मारला, त्याला मी लगेच नाकारत नाही पण त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवतो.

पहिल्या दिवशी गाडी जागची हलवायचीच नाही

पहिला दिवस गाडीभोवती फेरी मारण्यात जातो. टायरची हवा आणि झीज, स्टेपनी, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे लाइट, वायपर, आरसे, दारांची लॉकं. हे चेकलिस्टवर असतंच, पण नवीन माणूस चेकलिस्ट भरतो, गाडी बघत नाही, म्हणून मी मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतो, एका बाजूचा इंडिकेटर काढून ठेवतो किंवा स्ट्रेचरचं लॉक अर्धवट लावतो, आणि बघतो सापडतंय का. एकदा स्वतःच्या चुकीने सुटलेली गोष्ट दिसली की पुढे महिनाभर तो माणूस फेरी नीट मारतो.

मग मागचा भाग. ब्रेक लागला की आत जे जे सुटं आहे ते त्याच स्पीडने पुढे येतं, ऑक्सिजनचा सिलेंडर, मॉनिटर, सक्शन मशीन, बॅग, सगळं. सिलेंडर ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलाय का ते हाताने हलवून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. पेशंटला छातीचा आणि पायाचा पट्टा सगळे लावतात, खांद्याचे पट्टे लावायचा मात्र कंटाळा करतात, आणि खरे महत्त्वाचे तेच असतात, कारण पेशंटचं डोकं बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला असतं, समोरून धडक बसली किंवा जोरात ब्रेक लागला की अख्खं शरीर डोक्याच्या दिशेने सरकतं आणि खांद्याचा पट्टा नसेल तर अडवायला काहीच नसतं. लहान बाळ कुणाच्याही मांडीवर, कुणाच्याही कुशीत न्यायचं नाही, आईच्या सुद्धा नाही, त्याच्या मापाचा पट्टा किंवा सीटच लागते. आईला हे समजावून सांगायला दोन वाक्यं लागतात, ती वाक्यंसुद्धा मी पाठ करून घेतो, कारण ऐन वेळी सुचत नाहीत.

आणि मागे बसणाऱ्या स्टाफचा बेल्ट. ह्यावर सगळीकडे वाद होतात, की बेल्ट लावून पेशंटपर्यंत हात पोचत नाही. काही वेळा खरंच पोचत नाही. पण जास्त वेळा काय होतं की सामान चुकीच्या जागी ठेवलेलं असतं म्हणून उठावं लागतं. त्यामुळे ट्रेनिंगमध्येच ठरवून टाका की प्रवासात लागणाऱ्या गोष्टी, मास्क, सुया, सलाइन, उलटीची पिशवी, बेल्ट लावून बसल्या जागी हाताला लागतील अशा ठेवायच्या, आणि जे उभं राहून करावं लागतं ते शक्य तेवढं गाडी निघायच्या आधी उरकायचं.

स्वतः स्ट्रेचरवर झोपून बघा

हा भाग मी कधीच गाळत नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रेनीला स्ट्रेचरवर झोपवायचं, सगळे पट्टे लावायचे, डोळे मिटायला सांगायचं आणि दुसऱ्याने गाडी चालवायची, सायरन नाही, स्पीड पण साधाच, ४०-४५. साध्या रस्त्यावर दहा मिनिटं. बाहेर आल्यावर चेहरे बघण्यासारखे असतात, मोठमोठी धडधाकट माणसं घाम पुसत उतरतात. झोपलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, वळण कधी येणार कळत नाही, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला पोट वर येतं, प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. परवाच्या बॅचमधली एक मुलगी उतरल्यावर काही बोललीच नाही, पाच मिनिटांनी म्हणाली, सर, मला तर काहीच झालेलं नाहीये, ज्याचं हाड मोडलंय त्याचं काय होत असेल. त्यानंतर तिला ब्रेक हळू दाब हे मला एकदाही सांगावं लागलं नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मागे सीपीआरचा पुतळा ठेवायचा, जो किती खोल आणि किती वेगाने दाबलं ते दाखवतो, आणि गाडी चालू असताना एकाने छाती दाबायची. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं असतं. गाडी उभी असताना सगळ्यांना जमतं. मग एक वळण येऊ द्या, एक स्पीडब्रेकर येऊ द्या, आणि स्क्रीनवरचा आलेख बघा, कुठे दाब अर्धा झाला, कुठे तीन-चार सेकंद काहीच नाही कारण तो माणूस स्वतःला सावरत होता. तो आलेख ड्रायव्हरला दाखवायचा. बोट ठेवून सांगायचं की ही खाच म्हणजे तुझा ब्रेक.

पाण्याचा पसरट डबा पुढे पायाशी ठेवून चालवायची पद्धतही चांगली आहे, पाणी सांडलं तर कळतंच. ब्रेक दाबायला सुरुवात हळू, मधे जोर, आणि गाडी थांबायच्या अगदी शेवटी पाय किंचित सैल सोडायचा, म्हणजे तो शेवटचा झटका बसत नाही. पिकअपचं पण तसंच. हे ज्याला जमलं त्याच्या मागे सुई लावता येते.

वेळेचा हिशोब फळ्यावर करून दाखवा

तोंडी सांगून पटत नाही, आकडे मांडा. १० किलोमीटर अंतर सरासरी ६० ने गेलात तर १० मिनिटं, सरासरी ८० ने गेलात तर साडेसात. अडीच मिनिटं वाचली, पण ती कधी, तर पूर्ण रस्ता एकदाही न थांबता ८० ने मिळाला तर. गर्दीच्या रस्त्यावर सरासरी ८० कुणालाच मिळत नाही, तुम्ही दोन चौकांच्या मधे ८० ला नेता आणि चौकात परत ब्रेक मारता, वाचतात काही सेकंद आणि हेलकावे मात्र मागच्याला पूर्ण बसतात. आणि तेच सेकंद कॉल आल्यावर चावी शोधण्यात, पत्ता परत विचारण्यात, चुकीच्या गेटला जाण्यात, स्ट्रेचर अडकण्यात कधीच निघून गेलेले असतात. म्हणून मी वेळ वाचवायला शिकवतो ते कॉल पडल्यापासून गाडीचं चाक फिरेपर्यंत आणि पेशंट आत घेण्याच्या वेळी. तिथे घाई करा, मनापासून करा.

आता थांबण्याचं अंतर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, कोरडा चांगला रस्ता धरा. ६० ला गाडी त्या दीड सेकंदात २५ मीटर पुढे जाते आणि मग ब्रेक लागून साधारण २० मीटर, म्हणजे ४५. ८० ला ३३ अधिक ३६, म्हणजे जवळजवळ ७०. १०० ला ४२ अधिक ५६, म्हणजे १०० मीटरच्या आसपास. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण मैदानात टेपने मोजून दाखवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आम्ही ४५ मीटरवर आणि ७० मीटरवर कोन, म्हणजे रस्त्यावर असतात ते प्लास्टिकचे शंकू, ठेवतो आणि ट्रेनीला सुरुवातीच्या रेषेपासून चालत जायला लावतो. चालताना कळतं किती लांब आहे ते. पाऊस असेल, रस्ता तेलकट असेल तर अजून लांब.

मैदानावरच्या बाकीच्या प्रॅक्टिसबद्दल थोडक्यात. कोनमधून नागमोडी, अरुंद होत जाणारी लेन, एकदम लेन बदलून अडथळा टाळणं, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम, लागलेला असताना पूर्ण ब्रेक दाबून स्टिअरिंग वळवणं. एबीएसमध्ये पेडल पायाखाली थरथरतं, नवीन माणूस घाबरून पाय उचलतो, म्हणून ती थरथर मैदानातच ओळखीची झाली पाहिजे. आणि एक गोष्ट फार जण चुकवतात, रिकाम्या गाडीवर ट्रेनिंग देतात. मागे वाळूच्या गोण्या बांधा, दोन-तीन माणसांच्या वजनाच्या. अ‍ॅम्ब्युलन्स उंच असते, वजन वरच्या भागात असतं, त्यात माणसं आणि सामान भरलं की वळणावर झुकते, थांबताना पण वेगळी वागते, आणि मागच्या चाकांच्या मागे बॉडीचा जो भाग लोंबतो तो वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो, शेजारी उभ्या गाडीचा आरसा त्यानेच जातो.

सायरन कुणाला किती ऐकू येतो

ह्यासाठी एक प्रॅक्टिकल आहे, करून बघाच. ट्रेनीला एका बंद गाडीत बसवा, काचा वर, एसी चालू, गाणी नेहमी ऐकतो तेवढ्या आवाजात. मागून अ‍ॅम्ब्युलन्स सायरन लावून ६० ने येऊ दे. ऐकू आला की हात वर कर. जिथे हात वर झाला तिथे अ‍ॅम्ब्युलन्स कुठे होती ते खूण करून मोजा, आणि ते अंतर मघाच्या ४५ मीटरच्या शेजारी लिहा. आधी ट्रेनीला अंदाज विचारून ठेवा, मोजलेलं अंतर नेहमी त्याच्या अंदाजापेक्षा कमी निघतं. त्यात अजून ऐकू येऊन ती कुठून येतेय हे कळायला, आरशात बघायला, काय करायचं ते ठरवायला समोरच्याला वेळ लागतो, तो वेळ मोजलेलाच नाहीये.

सायरनचा जोर पुढच्या दिशेला असतो. बाजूला कमी. आणि चौकात आडव्या रस्त्याने येणारा माणूस तुमच्या बाजूलाच असतो, मधे बिल्डिंगचा कोपरा, भिंत, मोठा ट्रक. म्हणजे ज्याला ऐकू येणं सगळ्यात गरजेचं त्यालाच सगळ्यात कमी ऐकू येतो. सरळ मोकळ्या रस्त्यावर लांब चढउताराचा सूर ठेवा, चौक जवळ आला की पाच-सहा सेकंद आधी पटापट वाजणारा सूर लावा, सूर बदलला की लोकांचं लक्ष जातं. दोन अ‍ॅम्ब्युलन्स मागेपुढे असतील तर दोघींचा सूर वेगळा हवा आणि मधे अंतर हवं, कारण पहिली गेली की लोक समजतात झालं, आणि गाडी परत लेनमध्ये घालतात, नेमकी दुसरीच्या समोर.

पुढच्या गाडीला ढकलत न्यायची सवय मोडा. अगदी मागे चिकटून सायरन वाजवला की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जागच्या जागी ब्रेक मारतो किंवा न बघता बाजूला घेतो आणि टू-व्हीलरवाल्याला उडवतो. तुम्ही गेल्यावर तुमच्या मागे असे अपघात होतात, तुम्हाला कळत पण नाही, इंग्रजीत ह्याला वेक इफेक्ट म्हणतात, बोट गेल्यावर मागे लाटा उठतात तसं. अंतर ठेवा, त्याला आरशात तुम्ही पूर्ण दिसला पाहिजेत, त्याला विचार करायला जागा द्या. सिग्नलला गाड्या खच्चून उभ्या आहेत आणि कुणालाच हलायला जागा नाही, तिथे सायरन बंद करून थांबा. वाजवत राहिलात तर कुणीतरी चांगल्या मनाने लाल सिग्नलमध्ये पुढे सरकेल आणि आडव्या ट्रॅफिकमध्ये सापडेल.

आणि मुळात सायरन लावायचा का. अमेरिकेतल्या २०१६ च्या कॉल्सच्या नोंदी तपासल्या तेव्हा पेशंट गाडीत असताना, लाइट-सायरन लावलेल्या दर १ लाख फेऱ्यांमागे १७.१ अपघात आणि न लावलेल्या दर १ लाख फेऱ्यांमागे ७.० अपघात निघाले. दुप्पटीहून जास्त. पेशंटकडे जाताना फरक कमी होता, पेशंट घेऊन येताना खरा वाढला, आणि येताना ड्रायव्हर पुढे एकटा असतो, मदतीला शेजारी कुणी नाही, कान मागे लागलेले. म्हणून परतीच्या प्रवासाला सायरन हा मागच्या स्टाफने पेशंट बघून घ्यायचा निर्णय आहे, हे तुमच्या नियमात लिहून ठेवा आणि ट्रेनिंगमध्ये मुद्दाम अशा केस द्या जिथे उत्तर "नको" असेल. कायद्याने कुठे काय सूट आहे ते तुमच्या देशाचं बघून घ्या, सूट असली तरी ती दुसऱ्याला धोका न देता वापरायची असते.

चौक

मी नवीन असतानाचं सांगतो. संध्याकाळ, पाऊस, मागे पेशंट आणि माझा सहकारी. चौकात लाल होता. सायरन चालू, मी स्पीड कमी केला, पहिल्या लेनमध्ये एक ट्रक थांबला आणि त्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून मला जा म्हणून खूण केली. मला वाटलं रस्ता मिळाला. पाय ब्रेकवरून काढून पिकअप दिला, आणि ट्रकच्या पलीकडच्या बाजूने टू-व्हीलर आली, रेनकोट घातलेला माणूस, त्याला मी दिसत नव्हतो आणि मला तो. मी पूर्ण ब्रेक दाबला. तो वीतभर अंतराने निघून गेला, कुणाला धडक बसली नाही. पण मागे माझा सहकारी त्या क्षणी वरच्या कप्प्यातून पिशवी काढायला उभा होता, त्याचं कपाळ कप्प्याच्या कोपऱ्यावर आपटलं, पेशंटची सुई निघाली. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन त्याच्या कपाळाला पट्टी, पेशंटला परत सुई, सहा-सात मिनिटं तिथेच गेली. चौकात नीट थांबलो असतो तर चार सेकंद गेले असते. त्या ट्रकवाल्याने स्वतःपुरता रस्ता दिला होता, बाकीच्यांच्या वतीने नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून आता मी असंच शिकवतो. लाल असेल तर पूर्ण थांबायचं, चाकं थांबली पाहिजेत, फक्त हळू नाही. मग एकेक लेन. पहिल्या लेनचा माणूस थांबलाय, त्याची चाकं थांबलीत, त्याने तुमच्याकडे बघितलंय, मग त्याच्यासमोरून पुढे, चालण्याच्या स्पीडने. त्याच्या गाडीच्या पुढच्या टोकाला आलात की परत थांबायची तयारी, कारण आता दुसरी लेन दिसणार. मोठी गाडी थांबलेली असेल तर ती भिंत समजा आणि भिंतीमागे कुणीतरी येतंयच असं धरून चाला. दुसरी लेन, तिसरी लेन, असंच. पायी चालणारे पण बघा, कानात हेडफोन लावलेला माणूस तुमच्याकडे पाठ करून उतरलेला असतो. सगळ्या लेन पार झाल्या मगच पिकअप. आणि हिरव्या सिग्नलला पण पाय ब्रेकवर ठेवून दोन्हीकडे बघून जायचं, कारण समोरून दुसरी इमर्जन्सी गाडी लाल तोडत येत असू शकते, दोघांच्याही आत सायरनचा आवाज भरलेला, एकमेकांचा ऐकूच येत नाही.

हे मैदानात कोन लावून, दुसऱ्या ट्रेनर्सच्या गाड्या उभ्या करून निदान वीस-पंचवीस वेळा करून घ्या. एखाद्या वेळी ट्रकमागून कुणाला तरी हळू सायकल घेऊन सोडा. सायरन चालू ठेवून करा, कारण सायरन लागला की अंगात येतं. हा शब्द मी विचार करून वापरतोय. छातीचे ठोके वाढतात, नजर अरुंद होऊन फक्त समोरचं दिसतं, आणि आपल्याला सगळ्यांनी वाट द्यावी असं वाटायला लागतं, नाही दिली की राग येतो. लहान मुलाचा कॉल असेल तर सगळ्यात जास्त. ट्रेनीला आधीच सांगून ठेवा की हे तुला होणार, सगळ्यांना होतं, लक्षात आलं की एक लांब श्वास सोड आणि स्पीडोमीटरकडे बघ, आकडा वाचून मोठ्याने बोल.

बोलत चालवायचं

मोठ्याने बोलण्यावरून आठवलं. रस्त्यावरच्या ट्रेनिंगमध्ये मी ट्रेनीला सतत बोलायला लावतो, जे दिसतंय ते आणि त्यावर काय करणार ते. "पुढे बस थांबलीये, लोक उतरतायत, बसच्या पुढून कुणीतरी पळत येईल, ५० वरून ३० ला आणतोय. डावीकडे उभ्या कारमध्ये माणूस बसलाय, दार उघडेल, थोडं लांबून. आरसा, टू-व्हीलर आहे मागे, जाऊ दे त्याला." पहिला अर्धा तास लाजतात, शब्द सापडत नाहीत, मग जमतं. आणि जिथे बोलणं थांबलं तिथे बघणं थांबलंय हे तुम्हाला शेजारी बसून लगेच कळतं. ब्रिटनमध्ये पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हिंगमध्ये एक क्रम शिकवतात, आधी माहिती, मग रस्त्यावरची जागा, मग स्पीड, मग गिअर, शेवटी पिकअप. प्रत्येक वळणाला, प्रत्येक धोक्याला हाच क्रम. बोलताना हा क्रम पाळायला लावा, म्हणजे वळणात शिरून मग ब्रेक मारणं बंद होतं.

मागच्या स्टाफबरोबरचे शब्द पण ठरवून घ्या. ड्रायव्हरने दोन-तीन सेकंद आधी हाक द्यायची, "ब्रेक", "डावं वळण", "स्पीडब्रेकर", म्हणजे मागचा सुई हातात असेल तर थांबतो. मागच्याने "हळू" म्हटलं की ती सूचना समजायची नाही, ती ऑर्डर, लगेच हळू, का ते नंतर विचारायचं. पुढे शेजारी सहकारी असेल तर चौकात त्याने बाजू बघून एकच शब्द बोलायचा, "मोकळं" किंवा "थांब". ह्याशिवाय तिसरा शब्द नको, "जा जा", "ये ना", "हां नाही नाही" असलं काही नको. आणि त्याने मोकळं म्हटलं तरी स्वतः बघायचंच. मोबाइल, मॅप, वायरलेस, सगळं शेजारच्याकडे. ड्रायव्हर एकटा असेल तर रस्ता ठरवून, मॅप लावून मगच हॅन्डब्रेक सोडायचा, बदल करायचा तर बाजूला थांबून.

रिव्हर्स घेताना बाहेर माणूस उतरलाच पाहिजे. घाई असली तरी. बारीकसारीक ठोकाठोकी सगळ्यात जास्त रिव्हर्समध्येच होते आणि कधी कधी ती बारीक नसते, मागे लहान मूल असतं. मार्ग दाखवणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची, तो परत दिसेपर्यंत. गोलगोल हात हलवून चालत नाही, थांबण्याची खूण एकच आणि सगळ्या स्टाफची सारखी हवी.

अपघाताच्या जागी गाडी कुठे लावायची ह्याचा पण एक तास घ्या. मागून येणाऱ्या ट्रॅफिकला अडवायला आधीच मोठी गाडी, फायरची किंवा पोलिसांची, उभी असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स तिच्या आडोशाला, अपघाताच्या पुढे लावायची, म्हणजे स्ट्रेचर चढवताना मागून कुणी येऊन धडकणार नाही. आडोसा नसेल तर अपघाताच्या अलीकडे, थोडी तिरकी, पुढची चाकं माणसांपासून उलट दिशेला वळवून, म्हणजे मागून धक्का बसलाच तर गाडी माणसांवर जाणार नाही. रात्री समोर रोखलेले पांढरे लाइट बंद करा, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि रिफ्लेक्टरवालं जॅकेट घातलेला तुमचा माणूस पण त्याला दिसत नाही.

झोपेचं सांगायलाच हवं. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. दारू प्यायलेल्याला आपण चावी देत नाही, मग रात्रभर कॉल केलेल्या माणसाने पहाटे "मला झेपत नाहीये" म्हटलं तर त्याला ऐकवायचं नाही. ट्रेनिंगमध्ये हे वाक्य प्रत्येकाकडून एकदा मोठ्याने बोलून घ्या, वरिष्ठांच्या समोर. ज्याने एकदा म्हटलंय त्याला गरज पडल्यावर म्हणायला सोपं जातं. वरिष्ठांनी ते ऐकून काय करायचं, कुणाला बदली बोलवायचं, हे पण आधी ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर सगळं तोंडदेखलं.

पहिले काही आठवडे ट्रेनीला इमर्जन्सी नसलेल्या फेऱ्या द्या, घरी सोडणं, तपासणीला नेणं, आणि रस्ते, गेट, रॅम्प पाठ होऊ द्या. मग शेजारी अनुभवी माणूस बसवून खरे कॉल, आधी दिवसा, मग रात्री. प्रत्येक कॉलनंतर दोन मिनिटं उभ्याउभ्या बोला, कुठे धडकता धडकता वाचलो, कुठे स्पीड जास्त होता. थोडक्यात वाचलेले प्रसंग एका वहीत लिहा, नाव न घालता, आणि शिक्षा करू नका, शिक्षा केलीत की वही कोरी राहते आणि पुढचा माणूस त्याच चौकात तेच करतो. वर्षातून एकदा सगळ्यांची परत टेस्ट, जुन्यांची पण, आणि कुणी काही महिने सुट्टीवरून आला असेल तर आधी मैदानात एक फेरी.

ट्रेनीला एकट्याने गाडी द्यायची का हे ठरवताना मी त्याला शेजारी बसून बघतोच, पण मागच्या स्टाफला एक छोटा कागद पण भरायला देतो, तीन प्रश्नांचा. किती वेळा दांडा धरावा लागला, हाक वेळेवर आली का, कुठे भीती वाटली. असे वीस कॉलचे कागद जमले की चित्र दिसायला लागतं. तिसऱ्या प्रश्नाची जागा रिकामी असली तर मी त्या माणसाला बाजूला घेऊन परत विचारतो, कारण तोवर नवीन ड्रायव्हरशी मैत्री झालेली असते आणि मैत्रीत लोक लिहायचं टाळतात.